मुंडकार

माशेलच्या काजू सोसायटीत
वजनकाटा संगणकाला जोडून द्यायचं काम घेतलं
एप्रिलमध्ये, बोंडूंचा वास केसांत राहतो त्या दिवसांत.
काम साधं. काट्यावर पोतं, पडद्यावर किलो,
खाली हिरवं बटण : पावती.

आतली खिडकी, बटणं, तक्ते
जुन्या, कडक सी प्लस प्लसमध्ये बांधलेले.
मी बाहेरून पायथनमध्ये बोलते.
मधला दुभाष्या दोघांकडे मान डोलावतो,
आणि मी माझ्या हातातल्या नावालाच
वस्तू समजते.

पहिल्या दिवशी तक्ता कोरा.
दिवसभराच्या वजनांची यादी मी एका फंक्शनमध्ये रचली,
तक्त्याला दिली, फंक्शन संपलं.
तक्त्यानं यादी नुसती पाहिली होती, घेतली नव्हती.
त्याला वाटलं पायथन सांभाळेल,
पायथनला वाटलं तक्ता.
दोन घरचा पाहुणा.
झाडणारा आला, कुणाचं म्हणून विचारलं,
कुणीच बोललं नाही, तेव्हा उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी उलट.
एस्पेरांसनं खिडकी मिटली,
खिडकीबरोबर तिच्या पोटातलं बटणही गेलं, हा तिथला रिवाज.
माझ्याकडे बटणाचं नाव तेवढं उरलं.
मी हाक मारली.
लाल अक्षरांत उत्तर आलं :
जिला हाक मारतेस ती केव्हाच मोडली.
एस्पेरांस म्हणाली, बाय, मशीन रागावलं की काय?

सगुण वेर्णेकर पावत्या फाडता फाडता ऐकत होता.
म्हणाला, हे तर आमचं घर.
भिंती आमच्या, कौलं आमची,
खालची जमीन भाटकाराची.
आजोबांनी दारात फणस लावला,
मुळं कुणाच्या जागेत, फळं कुणाच्या घरात,
हे लिहायला कागदावर रकानाच नाही.
भाटकार लिस्बनला गेला, तिथंच वारला म्हणतात,
मामलेदाराकडे तारीख पडते,
समोरच्या नावाला हाक मारतात,
कुणी उठत नाही. पुढची तारीख.

मला हसू आलं, मग नाही आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संगणक धापा टाकू लागला.
प्रत्येक पावतीला एक छोटी खिडकी उघडत होती,
मिटलीही जात होती, पण मरत नव्हती.
काट्याच्या टायमरला मी निरोप देऊन ठेवलेला :
आकडा बदलला की हिला सांग.
एवढ्या एका निरोपापायी
त्रेसष्ट खिडक्या अंधारात उभ्या,
प्रत्येकीला अजून किलो कळत होते.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो फोंड्याला नोटरीकडे टायपिस्ट.
म्हणाला, आमच्याकडे बघ,
घर विकायचं तर नवऱ्याची सही लागते, बायकोचीही.
एकानं सोडलं म्हणून सुटत नाही.
मी म्हटलं, आणि दोघांनीही आपापल्या वेळी
तेच घर पाडायला माणसं पाठवली तर?
तो जेवत राहिला.
माझ्या प्रोग्रामात ते एकदा झालं होतं,
तेव्हा लाल अक्षरंसुद्धा आली नाहीत,
पडदाच गेला.

मग चार दिवस बसून
प्रत्येक वस्तूच्या शेजारी लिहिलं : ही कुणाची.
यादी माझी, मी धरून ठेवीन.
बटण खिडकीचं, मिटल्यावर हाक मारू नये.
टायमरचा निरोप खिडकी मिटताना मागे घ्यावा.
सगुणनं खांद्यावरून वाचलं,
बोट ठेवलं एका ओळीवर,
काही बोलला नाही.

एक चूक राहिलीय.
संध्याकाळी सगळं बंद करताना
आधी कुणी जायचं हे दोन्ही बाजूंना ठरवता येत नाही,
आणि शेवटच्या क्षणी प्रोग्राम धडपडतो.
तोवर वजनं लिहिलेली असतात, पैसे वाटलेले.
एस्पेरांस त्या चौकटीकडे न बघताच
शटर ओढते,
आणि पोत्यांवरून पाय उचलत
सगुण फणसाची भाजी कशी झाली ते सांगतो,
फणस कुणाचा ते नाही.